रेडिओ आणि संगणक यांमधील पेटी

शाळेच्या रेडिओ-मंडळांत यंदा एक मतभेद उपस्थित झाला आहे, आणि तो पालकांच्या कानांवरहि गेला असल्यामुळें त्याविषयीं येथें चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. मंडळाजवळ देणगीदाखल आलेला एक जुना ट्रान्सीव्हर आहे. ऐकण्याचें व पाठविण्याचें अशीं दोन्ही कामें एकाच पेटींत करणारें हें बिनतारी यंत्र होय. त्याला संगणक जोडून, हौशी रेडिओवाले ज्यांस ‘डिजिटल मोड’ म्हणतात त्या पद्धतींनीं संदेश पाठवावे, अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. इच्छा सर्वांची एकच. मतभेद आहे तो जोडण्याच्या रीतीविषयीं. कांहींचें म्हणणें असें कीं, हें जुनें धूड काढून टाकून नवें यंत्र घ्यावें. त्यांत सारें साहित्य आंतच बसविलेलें असतें, एक यूएसबी केबल लावली कीं काम झालें. दुसरा पक्ष म्हणतो, जुनेंच यंत्र ठेवावें, आणि त्याच्या व संगणकाच्या मध्यें लागणारी पेटी मुलामुलींनीं आपल्या हातांनीं तयार करावी. आम्ही ह्या दुसऱ्या पक्षाचे आहों, आणि कां आहों तें सांगणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ज्यांनीं हें काम पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं प्रथम तें काय आहे हें सांगितलें पाहिजे. हौशी रेडिओ-यंत्र मूळचें मनुष्याच्या बोलण्यासाठीं केलेलें. दर सेकंदास सुमारें ३०० पासून ३००० पर्यंत कंपनांचे स्वर तें आंत घेतें, उचलून आकाशांतल्या लहरींवर चढवितें, आणि पलीकडचें यंत्र ते तेथून उतरवून पुन्हां ऐकवितें. आतां संगणकाच्या साउंड कार्डालाहि स्वर काढतां येतात. तेव्हां त्यानें ह्याच मर्यादेंत शिट्या वाजविल्या, तर त्या मनुष्याच्या आहेत कीं यंत्राच्या हें रेडिओला कळत नाहीं. रेडिओ १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावलेला असून संगणकानें १५०० हर्ट्झचा स्वर दिला, तर अँटेनांतून १४.०७५५ मेगाहर्ट्झची लहर निघते, केवळ बेरीज. पलीकडचा रेडिओ वजाबाकी करून तोच स्वर परत देतो, आणि तेथील संगणक तो मोजून त्याचीं अक्षरें करतो. संगणकाला रेडिओचें ज्ञान नाहीं, रेडिओला संगणकाचें नाहीं. दोघे एकमेकांशीं नुसत्या शिटीनें बोलतात. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे साऱ्या प्रकरणांतील जादू नाहींशी होते, आणि मग खरी गोडी सुरू होते.

ह्या शिट्यांच्या भाषा अनेक आहेत. जुन्या टेलिप्रिंटरची भाषा दोनच स्वरांची होती, एकमेकांपासून १७० हर्ट्झ अंतरावरचे. १९९८ सालीं इंग्लंडमधील पीटर मार्टिनेझ ह्या हौशी गृहस्थांनीं पीएसके ३१ ही पद्धत प्रसिद्ध केली. तींत दर सेकंदास ३१.२५ खुणा जातात, म्हणजे हातानें टंकलेखन करणाऱ्याच्या गतीस पुरतील इतक्याच. तींत इंग्रजी ‘ई’ ह्या नेहमींच्या अक्षरास दोनच खुणा लागतात व क्वचित् येणाऱ्या अक्षरांस लांबलचक माळा. मोर्सच्या लिपींतहि ‘ई’ला एकच टिंब आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या लक्षांत येईलच.

सध्यां मात्र जिकडेतिकडे बोलबाला आहे तो एफटी ८ चा. स्टीव्ह फ्रँके व जोसेफ टेलर ह्या दोघांनीं ती २०१७ सालीं प्रसिद्ध केली. त्यांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें आणि आठ स्वर, मिळून तिचें नांव झालें. प्रत्येक मिनिटाचे पंधरा पंधरा सेकंदांचे चार हप्ते पाडलेले असतात. एका हप्त्यांत एकानें १२.६४ सेकंद पाठवावें, पुढच्या हप्त्यांत दुसऱ्यानें. म्हणून दोहोंकडचीं घड्याळें एकमेकांशीं सुमारें सेकंदाच्या आंत जुळलेलीं लागतात. ज्याचें घड्याळ चुकलें त्याला जवळजवळ कांहींच वाचतां येत नाहीं. संदेशाची रुंदी अवघी ५० हर्ट्झ. २५०० हर्ट्झच्या पट्ट्यांतील गोंगाटाची जी शक्ति, तिच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण संदेशहि हा संगणक ओळखून काढतो. हे टेलर म्हणजेच ते, ज्यांनीं रसेल हल्स यांच्यासह १९७४ सालीं पोर्तो रिकोंतील आरेसिबोच्या दुर्बिणीनें जोड-ताऱ्यांपैकीं एक असलेला पल्सार शोधून काढला व ज्यांस १९९३ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. गोंगाटांत बुडालेली नियमित टिकटिक शोधण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्याच हातून हौशी लोकांसाठीं अशी पद्धत निघावी हें योग्यच झालें.

आतां त्या मधल्या पेटीकडे वळूं. वादाचें मूळ तींतच आहे.

साउंड कार्डांतून सुमारें एक व्होल्टाचा ध्वनि बाहेर पडतो. जुन्या रेडिओच्या मुखास हवे असतात कांहीं मिलिव्होल्ट. सरळ तार जोडली तर रेडिओचा घसा बसेल. म्हणून १० हजार ओमचा एक व १०० ओमचा एक असे दोन रोध एकसरीनें जोडावे, व लहान रोधाच्या दोन टोकांमधून शंभरावा हिस्सा काढून घ्यावा. रोधांची एकसर जोडणी शास्त्राच्या पुस्तकांत आहे. तीवर गणितें आहेत. तीं आमचे विद्यार्थी बिनचूक सोडवितात. पण हेंच गणित हातांत डाख देण्याचा कावीया घेऊन एकदां सोडविलें म्हणजे तें कसें वेगळें लागतें, तें ज्यानें केलें त्यानेंच सांगावें.

त्यानंतर गुणगुण. संगणक एका प्लगावर, रेडिओ दुसऱ्या प्लगावर, आणि दोहोंमध्यें ध्वनीची तार. जमिनीच्या वाटेनें विजेचें एक वर्तुळ पुरें होतें आणि घरांतल्या प्रवाहाचीं ५० कंपनें संदेशांत मिसळूं लागतात. ह्याला उपाय म्हणजे एक चिमुकला ट्रान्स्फॉर्मर, दोन्ही बाजूंस सारखे वेढे असलेला. तांब्याचा सांधा तुटतो, पण चुंबकाच्या वाटेनें ध्वनि पलीकडे जातो. पाठविण्याच्या तारेवर एक, ऐकण्याच्या तारेवर एक, असे दोन लागतात.

तिसरी गोष्ट, बोलण्याचें बटण. संगणकाला हात नाहींत. तेव्हां ‘आतां पाठव’ हें रेडिओला सांगावयाचें कसें? जुन्या सीरियल पोर्टची एक तार, किंवा आज तो पोर्ट नसल्यामुळें यूएसबीला लावलेल्या अडॅप्टरची तार, ह्या कामीं घेतात. तिच्या टोकाशीं ऑप्टोकप्लर नांवाचा एक काळा किडा बसवितात: आंत एक बारीक दिवा व त्याच्याकडे टक लावून बसलेला एक ट्रान्झिस्टर. दिवा लागला कीं रेडिओ बोलूं लागतो. येथें एक मौज आहे. संगणक नुकताच सुरू होत असतां ही तार पुष्कळदां आपोआप जागी होते, आणि कोणी कांहीं सांगितलें नसतां रेडिओ प्रक्षेपण करूं लागतो. म्हणून आधीं संगणक व मग रेडिओ, असा क्रम आम्हीं भिंतीवर लिहून ठेविला आहे. दुसरी मौज: रेडिओसाठीं वेगळें साउंड कार्ड न ठेवल्यास, संगणकाला ई-मेल आल्याची ‘टुण्‌’ अर्ध्या जगास ऐकूं जाते. असें यूएसबी साउंड कार्ड थोड्या पैशांत मिळतें. तेवढें विकतच घ्यावें, त्याबाबत आमचा हट्ट नाहीं.

आणि शेवटीं, हें सर्व मनाजोगें बसल्यावर, प्रक्षेपण सुरू होतांच संगणकाचा माऊस गोठतो! अँटेनाची लहर केबलच्या वाटेनें उलट घरांत शिरलेली असते. केबलवर फेराइटचें कडें चढविलें कीं ती बहुधा शमते. कोणत्या केबलवर, किती वेढे, हें मात्र पुस्तक सांगत नाहीं. एक एक काढून पाहावें लागतें. आमच्या मतें शास्त्राच्या शिक्षणांतला हा सर्वांत मोलाचा तास होय, आणि वेळापत्रकांत त्याला जागा नाहीं.

नव्या यंत्राची निंदा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. २०१६ सालच्या आयकॉम आयसी-७३०० सारख्या यंत्रांत साउंड कार्ड आंतच असतें, आणि एका केबलनें ध्वनि, बटण व कंपनसंख्या हीं तिन्ही कामें होतात. ज्याला दिवसभराचें काम आटोपून रात्रीं तासभर ऐकावयाचें आहे त्यानें तें अवश्य घ्यावें. त्यांतहि कामें तींच होतात. फक्त तीं झांकलेलीं असतात. विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. ‘गाइड’ वाचून परीक्षा उतरणें व पुस्तक वाचून उतरणें यांत गुण सारखे पडूं शकतात; अंतर पुढें दिसतें. जें आज एका केबलनें जुळलें तें उद्यां जुळेनासें झालें, तर मुलाजवळ नवी केबल मागण्यावांचून दुसरा उपाय राहत नाहीं. ज्यानें पेटी केली आहे तो मल्टीमीटर घेऊन बसतो.

दुसऱ्याचा त्रास टाळण्याची गोष्टहि ह्याच पेटींत येते, आणि आम्हांस ती पैशाच्या प्रश्नाहून मोठी वाटते. ध्वनि जरा जास्त सोडला कीं रेडिओ तो चिरडतो, आणि १००० हर्ट्झच्या शिटीबरोबर २००० हर्ट्झची तिची भुताटकी बाहेर पडून दुसऱ्या कोणाच्या संभाषणावर जाऊन बसते. पाठविणाऱ्यास तें कळतहि नाहीं. त्याच्या पडद्यावर सर्व सुरळीत असतें. म्हणून रेडिओवरील एएलसीचा कांटा हालूं न लागेल इतकाच ध्वनि ठेवावा. आणि शिटी १५०० च्या वरची निवडावी, म्हणजे तिची दुप्पट ३००० च्या पलीकडे जाऊन रेडिओच्याच चाळणींत अडकते. बोलण्यांत मनुष्य श्वास घेतो. ह्या पद्धतींत यंत्र पावणेतेरा सेकंद सारखें जोर लावून असतें. यास्तव १०० वॉटचें यंत्र ३० वॉटांवरच चालवावें. नव्या यंत्रांतहि हीं पथ्यें आहेतच. पण ज्याच्या हातीं रोधाची किंमत आहे त्याला तीं कां पाळावयाचीं हें समजावून सांगावें लागत नाहीं.

येथवर आम्हीं पेटीची बाजू मांडली. पण हाताच्या पेटीनेंहि जो दोष टळत नाहीं, तो सांगितला नाहीं तर लेख अर्धवट राहील. एका होतकरू विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस संगणकाची एक यादी दाखविली. एका सायंकाळीं चाळिसांवर स्थानकें! त्यांत फिनलंडचें एक होतें. ‘तें कसें ऐकूं आलें?’ असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, ‘सर, ऐकलें नाहीं, पडद्यावर हिरवी ओळ आली.’ मुलगा खरें बोलला, आणि त्याच्या त्या एका वाक्यांत ह्या पद्धतीची सारी अडचण आहे. एफटी ८ मध्यें संभाषण असें नसतें. आपलें नांवचिन्ह, आपला चौकोन, समोरच्याचा जोर किती, आणि ‘७३’ म्हणजे नमस्कार, संपलें. चौकोन म्हणजे पृथ्वीवरील ठिकाण सांगणारीं चार अक्षरें. पुण्याचा एमके ६८, नागपूरचा एमएल ९१. मोकळा मजकूर लिहावयाचा तर जागा १३ खुणांची. ‘नमस्कार मंडळी’ रोमन लिपींत लिहिलें तर १६ खुणा होतात. म्हणजे मंडळींस दारांतूनच परत जावें लागतें.

ही आज्ञावली करणाऱ्यांनाहि हा धोका ठाऊक होता असें दिसतें. त्यांच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स ह्या आज्ञावलींत एकदां सुरू केलेला संवाद यंत्र पुरा करतें, पण नवा संवाद मनुष्यानेंच सुरू करावयाचा असतो. आणि पुष्कळ वेळ कोणी हात लावला नाहीं तर एक पहारेकरी प्रक्षेपण बंद पाडतो. तो पहारेकरी काढून टाकणाऱ्या क्लृप्त्या निघाल्या आहेत. आमच्या मंडळांत त्यांस जागा असूं नये. जेथें मनुष्यच नाहीं तेथें दोन संगणकांची भेट झाली काय आणि न झाली काय सारखेंच. यादी मात्र वाढते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एफटी ८ वर झालेल्या प्रत्येक भेटीपुढें विद्यार्थ्यानें वहींत स्वहस्तें चार ओळी लिहाव्या: तें गांव कोठें आहे, किती दूर आहे, त्या वेळीं तेथें दिवस होता कीं रात्र, आणि वाट कां खुली होती. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा जवळचींच स्थानकें लागतात व रात्रीं दूरचीं लागूं लागतात, कारण वातावरणाच्या वरच्या भागांत दिवसा सूर्यामुळें जो खालचा थर तयार होऊन लहरी गिळतो, तो रात्रीं विरून जातो. हें ज्याला आपल्याच वहीवरून दिसलें त्याला भूगोल व पदार्थविज्ञान हे दोन विषय आहेत असें वाटेनासें होईल. अशा दहा भेटी त्या चाळिसांहून आम्ही अधिक मानूं. आणि आठवड्यांतून एक वेळ पडदा झांकून नुसत्या कानानें मोर्स ऐकावें. संगणकाला जें जमतें तें सर्व कानाला जमत नाहीं हें खरें, पण कानाला काय जमतें हें तरी कळूं द्यावें.

कित्येक पालक विचारतात कीं, खिशांत मोबाईल असतांना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाईलचें बोलणें मनोऱ्यांतून, जमिनींतल्या तारांतून, दुसऱ्यांच्या इमारतींतून जातें. ह्या दोन यंत्रांच्या मध्यें आकाशाखेरीज कोणी नाहीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामी आली तेव्हां श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठीं पोर्ट ब्लेअर येथें होते. नेहमींचीं साधनें कोलमडलीं असतां त्यांनीं आपल्या यंत्रांवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोंचविली. तें काम मुख्यतः आवाजानें झालें. आज अशा प्रसंगीं विनलिंकसारख्या योजनेनें, ह्याच संगणक व रेडिओच्या जोडीनें, लिहिलेलें पत्र जसेंच्या तसें पाठवितां येतें. नांवांची लांब यादी ओरडून चार वेळां सांगावी लागत नाहीं. परंतु अशा वेळीं नवी केबल आणावयास बाजार उघडा नसतो, हेंहि पालकांनीं लक्षांत घ्यावें. तथापि आम्ही उपयोगाच्या बाजूवर फार भर देऊं इच्छीत नाहीं. शंभरांतल्या नव्याण्णव मुलांस असा प्रसंग येणार नाहीं, आणि न येवो. शिकावयाचें तें आपल्या हातांतलें यंत्र आंतून काय करतें हें कळावें म्हणून.

एक गोष्ट कायद्याची. परवान्यावांचून प्रक्षेपण करणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे, मग तें तोंडानें केलेलें असो कीं संगणकानें. परवान्यासाठीं सरकारी परीक्षा द्यावी लागते. तेव्हां पहिल्या सत्रांत मुलांनीं केवळ ऐकावें; ऐकण्याच्या बाजूची अर्धी पेटी प्रथम करावी, संगणकानें काय उलगडतें तें पाहावें, आणि पाठविण्याची बाजू परवाना असलेल्या मनुष्याच्या देखत मागाहून जोडावी. घाई करणाऱ्यांस हें रुचणार नाहीं.

नवें यंत्र न घेतल्यास जो पैसा वांचेल त्यांतून दोन मल्टीमीटर, एक चांगला कावीया व फेराइटचीं कडीं घ्यावीं असें आम्हीं मंडळास सुचविलें आहे. ऐकण्याच्या बाजूचा ट्रान्स्फॉर्मर बसला असून गुणगुण थांबली आहे. झांकणाचें काम नववींतील मुलींनीं मागून घेतलें आहे. अडलें आहे तें एका प्लगापाशीं. जुन्या रेडिओच्या पाठीमागें तेरा टोकांचें गोल डिन सॉकेट आहे, आणि त्याचा जोडीदार आमच्या गांवांत मिळत नाहीं. कोणा पालकांचें मुंबईस लॅमिंग्टन रोडच्या बाजूस जाणें झाल्यास, किंवा कोणाच्या घरीं माळ्यावर तसा प्लग पडून असल्यास, त्यांनीं तो शनिवारीं दुपारीं प्रयोगशाळेंत पाठवावा. किंमत मंडळ देईल.